जुन्या धावपट्ट्यांच्या मालकांना खुलं पत्र : छप्पर नंतर, आधी मुदत द्या

प्रति,
बंद झालेल्या हवाई तळांचे मालक, भाडेपट्टेदार आणि व्यवस्थापक

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या जागेवरचं एक लढाऊ जेट दोन दुपारींत संपलं. पहिल्या दुपारी एक्सकॅव्हेटर आला. त्याच्या हाताला बादलीऐवजी लोखंडी जबडा बसवलेला होता. त्या जबड्याने आधी विमानाचं नाक धरलं, मग कॉकपिटच्या मागे धड तोडलं. पाइपांत उरलेलं लाल हायड्रॉलिक तेल काँक्रीटच्या फटीफटींतून वाहत आमच्या विमानाच्या चाकांपर्यंत आलं. दुसऱ्या दुपारी ट्रक भरले. अकरा वर्षं दर शनिवारी येऊन त्या विमानाची काच पुसणारे, झाकणांचे सांधे सील करणारे एक गृहस्थ कुंपणाशी उभे होते. ट्रक गेल्यावर त्यांनी वाकून मूठभर रिव्हेट गोळा केले, रुमालात बांधले आणि ते घरी गेले. नंतर ते कधी आले नाहीत.

त्या विमानाला गंजाने खाल्लं नव्हतं. त्याच्या चाकांत हवा होती, पंखांचे सांधे कोरडे होते, कॉकपिटमधली निम्म्याहून जास्त घड्याळं, म्हणजे मापं दाखवणाऱ्या तबकड्या, जागेवर होती. त्याचा शेवट एका पानाच्या पत्राने झाला : जागेचा वापर बदलत आहे, तीस दिवसांत विमान हलवावं.

हे पत्र मी भांडायला लिहीत नाही. जमीन तुमची आहे, तिचा वापर ठरवण्याचा अधिकारही तुमचाच आहे. पण तीस दिवस या शब्दांचा आमच्या कामात काय अर्थ होतो, हे तुमच्यापर्यंत कुणी नीट पोहोचवलेलं नाही, असं मला वाटतं.

मी एका जुन्या हवाई तळावर कॅनबेरा बॉम्बर सांभाळणाऱ्या गटातला स्वयंसेवक आहे. आम्ही चौदा जण आहोत. तिघे हवाई दलात मेकॅनिक होते, एक जण इलेक्ट्रिशियन आहे, एक बाई शाळेत शिकवतात, एक मुलगा अजून कॉलेजात आहे. कॅनबेराचं पहिलं उड्डाण १३ मे १९४९ रोजी झालं. ब्रिटनच्या हवाई दलात हे विमान २००६ पर्यंत होतं, भारतीय हवाई दलात २००७ पर्यंत. याच जातीची अमेरिकी डब्ल्यूबी-५७ विमानं नासा संशोधनासाठी अजूनही उडवते. आमचं विमान उडत नाही आणि कधी उडणारही नाही. इंजिनंसुद्धा आम्ही सुरू करत नाही, महिन्यातून एकदा हाताने फिरवतो, एवढंच.

उडत नाही तर मग करता काय, असं लोक विचारतात. आम्ही पाण्याशी लढतो. विमानाची रचना हवेत राहण्यासाठी असते, उघड्यावर उभं राहण्यासाठी नसते. त्याच्या पोटाला आणि पंखांच्या खालच्या बाजूला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. एखादी काडी, थोडी धूळ, पक्ष्याने आणलेलं गवत त्यात अडकलं की पाणी आत साठतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट बसलेला असतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. बाहेरून रंग फुगलेला दिसतो. नखाने खरवडलं की खाली पांढरी भुकटी निघते. मॅग्नेशियमचे भाग तर याहून लवकर जातात. कॅनबेराच्या शेपटीच्या उभ्या पंखाचा पुढचा भाग प्लायवूडचा आहे. जेट विमानात लाकूड, हे ऐकून येणारे पाहुणे चकित होतात. आम्ही मात्र दर दोन महिन्यांनी शिडीवर चढून बोटाने टकटक करत तो भाग तपासतो. आवाज बसका आला की आत ओल शिरली असं समजायचं.

डाव्या पंखाखालच्या एका झाकणाच्या आतल्या बाजूला कुणा मेकॅनिकने पेन्सिलीने लिहून ठेवलंय : हा स्क्रू आधी काढ. का, ते लिहिलेलं नाही. आमच्यातल्या एकाने पहिल्यांदा ते न वाचता दुसरा स्क्रू आधी काढला. झाकण तिरकं झालं, अडकलं आणि पूर्ण दिवस गेला. तेव्हापासून आम्ही ती ओळ पाळतो, आणि साफसफाई करताना ती पुसली जाऊ नये म्हणून तेवढा भाग सोडून देतो.

आता हलवण्याबद्दल. मोटार बिघडली तर टो करून नेता येते. विमानाचं तसं नाही. आधी इजेक्शन सीटमधली, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली, स्फोटक काडतुसं काढलेली आहेत याची माहितगार माणसाकडून खात्री करावी लागते. जुन्या घड्याळांच्या आकड्यांवर किरणोत्सर्गी रेडियमचा रंग असेल तर ती वेगळी हाताळावी लागतात. टाक्यांतलं उरलंसुरलं इंधन आणि तेल काढून रीतसर विल्हेवाट लावायची. मग जॅक लावून विमान उचलायचं आणि धडाखाली त्याच्याच मापाच्या घोड्या ठेवायच्या. त्या आपल्याकडे नसल्या तर बनवून घ्यायच्या. प्रत्येक पाइप, प्रत्येक वायर, कंट्रोलचा प्रत्येक दांडा सोडवताना त्याला चिठ्ठी बांधायची, नाहीतर पुढच्या जागी ते कोडं कुणालाच सुटत नाही. टनाहून जड अशी दोन इंजिनं उतरवायची. शेवटी पंखांचे बोल्ट. चाळीस वर्षं न फिरलेला बोल्ट एका दिवसात फिरत नाही. त्याच्यावर आठवडेच्या आठवडे तेल सोडावं लागतं, थोडा फिरवून परत मागे घ्यावा लागतो. घाई केली की तो तुटतो, आणि तुटलेला बोल्ट ड्रिलने काढताना सांध्याचं भोक बिघडलं तर पंख पुन्हा नीट बसत नाही. हे सगळं झालं की क्रेन, खाली बसका ट्रेलर, रुंद माल रस्त्याने नेण्याचा परवाना, आणि वाटेतल्या पुलांची व वळणांची मापं. ज्या जागी न्यायचं तिथे काँक्रीट तयार हवं ते वेगळंच.

आमच्या हिशेबाने, सगळं सुरळीत झालं तरी कॅनबेरा हलवायला सव्वा वर्ष लागेल. आम्ही नोकऱ्या सांभाळून सुट्टीच्या दिवशी येतो. तीस दिवस म्हणजे आमचे चार शनिवार आणि चार रविवार.

आणि कॅनबेरा मध्यम आकाराचं आहे. ब्रिटनचं व्हल्कन बॉम्बर घ्या. बी.२ प्रकारच्या व्हल्कनचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ३३.८ मीटर भरतात, आणि त्रिकोणी पंख धडात असा मिसळलेला असतो की तो वेगळा करणं जवळजवळ विमान कापण्यासारखंच आहे. म्हणूनच ब्रिटिश हवाई दलाने निवृत्त केलेली व्हल्कनं इंग्लंडमधल्या डक्सफर्ड, साउथएंड, वेल्सबर्न अशा ठिकाणी उडत जाऊन उतरली आणि जिथे उतरली तिथेच राहिली. वेल्सबर्नचं एक्सएम-६५५ क्रमांकाचं व्हल्कन फेब्रुवारी १९८४ मध्ये तिथे उतरलं. त्याची चार ऑलिंपस इंजिनं स्वयंसेवकांनी पुढची कित्येक वर्षं चालती ठेवली. ब्लॅकपूलला उतरलेलं एक्सएल-३९१ समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वीसहून अधिक वर्षं उघड्यावर उभं होतं, ते २००६ साली तिथेच भंगारात गेलं. विमान तेच, कारखाना तोच. एका जागी वर्षानुवर्षं टिकून राहिलेली माणसं होती, दुसऱ्या जागी नव्हती.

एक्सएच-५५८चं उदाहरण तुम्हाला कदाचित माहीत असेल. १९९३ मध्ये हवाई दलाने सोडलेलं हे व्हल्कन लोकांच्या वर्गणीतून आणि लॉटरी निधीच्या मदतीतून दुरुस्त झालं. १८ ऑक्टोबर २००७ रोजी ते इंग्लंडमधल्या ब्रंटिंगथॉर्प या जुन्या हवाई तळावरून पुन्हा आकाशात गेलं आणि आठ वर्षं उडलं. २०१५ मध्ये त्याची तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी पाठिंबा थांबवला. त्या पाठिंब्याशिवाय उड्डाणाचा परवाना टिकत नाही, म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ते शेवटचं उडालं आणि डॉनकास्टरच्या विमानतळावर स्थिरावलं. २०२२ मध्ये तो विमानतळच बंद झाला. लाखो लोकांनी पाहिलेलं, पैसा आणि प्रेम दोन्ही मिळालेलं विमान, आणि तरीही त्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्या कुणाच्या तरी निर्णयावर अवलंबून होती. आमच्यासारख्या चौदा जणांच्या गटाची काय कथा.

याच्या उलट बाजूही मी पाहिली आहे आणि तिच्यासाठीच हे पत्र लिहितो आहे. ब्रिटनने लाइटनिंग लढाऊ विमानं १९८८ मध्ये निवृत्त केली. एकावर एक बसवलेली दोन एव्हॉन इंजिनं असलेलं हे विमान, आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं. लाइटनिंग जपणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाने ब्रंटिंगथॉर्पला दोन विमानं चालत्या स्थितीत ठेवली. पण त्यांनी त्याहून मोठी एक गोष्ट केली. वॉटिशॅमच्या तळावर शत्रूचं विमान येताच झेपावण्यासाठी सज्ज लाइटनिंग ज्या शेडमध्ये उभी असत, ती अख्खी शेड त्यांनी सुटी केली, वाहून आणली आणि ब्रंटिंगथॉर्पला पुन्हा उभी केली. नट-बोल्टसकट. सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्या माणसांनी! पुढच्या वर्षी इथे असू की नाही अशी धास्ती असलेला माणूस पोलादी शेड वाहून आणत नाही. तो ताडपत्री आणतो. ताडपत्रीखाली ओल धरते, वाऱ्याने ती रंग घासून काढते, आणि मग तुमच्या कुंपणाच्या आत फाटक्या ताडपत्रीखालचं एक केविलवाणं विमान उभं राहतं. तुम्हाला ते नकोसं होतं. ते मीही समजू शकतो.

२०२० मध्ये ब्रंटिंगथॉर्पची जागा वाहनं ठेवण्यासाठी गेली आणि लोकांसमोर धावपट्टीवर विमानं पळवण्याचे दिवस तिथे थांबले. बकानियर विमानं जपणाऱ्या गटाने आपली विमानं केंबलच्या धावपट्टीवर हलवली. बकानियर नौदलासाठी घडलेलं, पंख दुमडता येणारं विमान आहे, म्हणून निदान ते शक्य झालं.

आता आमच्या बाजूच्या चुका. त्या न सांगता तुमच्याकडे काही मागणं मला पटत नाही. उत्साहाच्या भरात विमान घेतलेले आणि दोन वर्षांत पांगलेले गट मी पाहिले आहेत. विमान नक्की कुणाच्या मालकीचं याचा कागद नाही, विमा नाही, फोन लावला तर उचलणारं कुणी नाही. जागेच्या मालकाने वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि शेवटी भंगारवाल्याला बोलावलं, तर तिथे मी मालकाला दोष देऊ शकत नाही. इंजिन चालवण्याबद्दल तुमच्या मनात भीती असते, तीही उगाच नाही. ३ मे २००९ रोजी ब्रंटिंगथॉर्पला फक्त जमिनीवर पळवायचं ठरलेलं व्हिक्टर बॉम्बर चुकून काही क्षण हवेत उचललं गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये वेल्सबर्नचं व्हल्कन चाचणीत धावपट्टीच्या टोकापलीकडे गेलं. दोन्ही वेळा कुणाला इजा झाली नाही, पण दोन्ही घटना आमच्यासारख्या प्रत्येक गटाने पुन्हा पुन्हा वाचायला हव्यात. वेगाची मर्यादा आधी लिहून ठेवणं, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, कोण मागे घेणार आणि कोणत्या शब्दावर घेणार हे ठरवणं, धावपट्टीच्या अर्ध्यातच थांबायचं असं मानून ब्रेक तपासणं, अग्निशमनाची गाडी आल्याशिवाय इंजिन सुरू न करणं, हे तुम्ही मागायच्या आधी आम्ही लिहून द्यायला हवं. जे हे देऊ शकत नाहीत त्यांनी इंजिन सुरू करू नये. आम्ही करत नाही.

मात्र ज्यांना ते जमतं त्यांना वर्षातले काही दिवस धावपट्टी द्या. उभ्या इंजिनाचे रबरी सील सुकतात. तेल वरून खाली उतरतं आणि बेअरिंगं कोरडी पडतात. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. चालतं विमान आणि उभं विमान यांच्या तब्येतीत जो फरक पडतो तो कुठल्याही रंगाने झाकता येत नाही. हवाई दलात असताना ते विमान चालवणारी माणसं तेव्हाच येतात, कारण त्यांना तो आवाज ऐकायचा असतो. ती आली की आम्ही वही घेऊन त्यांच्या मागे फिरतो.

हा वहीचा मुद्दा मला फार जवळचा आहे. आमच्यातल्या तीन मेकॅनिकांपैकी दोघांनी सत्तरी ओलांडली आहे. कुठली नळी गरम असताना कशी वागते, कुठला पाना त्या कोपऱ्यात शिरतो, हे मॅन्युअलमध्ये नाही, त्यांच्या हातात आहे. ते हातातून हातात जायला वर्षं लागतात. कॉलेजातला मुलगा पहिलं वर्ष नुसता दिवा धरून उभा होता. दुसऱ्या वर्षी त्याला सेफ्टी वायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार, बांधायला दिली. तिसऱ्या वर्षी एका मेकॅनिकने त्याने बांधलेली वायर डोळ्यांना चष्मा लावून दोनदा पाहिली, मान हलवली आणि पुढच्या कामाला गेले. तो मुलगा त्या दिवशी किती खूश होता! आता तो विचारतो, दादा, आपण इथे पुढच्या वर्षी असू ना? माझ्याकडे उत्तर नाही, कारण आमच्याकडे भाडेपट्टा नाही, आहे ती तोंडी परवानगी.

ज्या हवाई दलांकडून ही विमानं येतात त्यांनाही दोन शब्द. अमेरिकी नौदलाने २००६ मध्ये एफ-१४ हे लढाऊ विमान निवृत्त केलं आणि सुटे भाग हीच विमानं वापरणाऱ्या इराणच्या हाती पडू नयेत म्हणून बरीचशी विमानं चिरडून टाकली. त्यामागची चिंता खरी होती. पण जिथे तशी चिंता नाही तिथे विमान देताना पंखांचा मुख्य कणा कापून देऊ नका. संवेदनशील उपकरणं काढा, बाकी राहू द्या. मॅन्युअलं, जॅक, घोड्या, ओढायचा दांडा हे सगळं विमानाबरोबर द्या. या वस्तू तुमच्या गोदामात कचरा असतात, आमच्याकडे त्या नसल्या तर काम वर्षभर थांबतं. ब्रिटनची टोर्नाडो लढाऊ विमानं २०१९ मध्ये गेली, भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ला निरोप दिला. निवृत्त विमानं येतच राहणार आहेत, आणि ती रात्री उभी कुठे करायची हा प्रश्न शेवटी जमिनीच्या मालकापाशीच येतो.

म्हणून तुमच्याकडे माझं मागणं आहे. आम्हाला हँगर बांधून देऊ नका, देणगी नको. लेखी भाडेपट्टा द्या, किमान दहा वर्षांचा. तो मोडायची वेळ आलीच तर दोन वर्षं आधी कळवा. पाणी न साठणारं काँक्रीट, कुंपणाच्या दाराची एक किल्ली आणि विजेची एक जोडणी द्या, विजेचं बिल आम्ही भरू. विजेवर चालणारं ओल शोषणारं यंत्र कॉकपिटमध्ये ठेवलं की निम्मी लढाई आम्ही तिथेच जिंकतो.

त्या बदल्यात आमच्याकडून मागा, आणि कडकपणे मागा. मालकीचा कागद पहिल्या दिवशी. विम्याची प्रत दर वर्षी. विमानाच्या स्थितीचा फोटोंसह अहवाल दर वर्षी, म्हणजे ते सुधारतंय की ढासळतंय हे तुम्हाला दिसेल. विमान सुटं करून हलवायची योजना आम्ही जागेवर येतानाच लिहून द्यायची आणि त्यासाठीचे पैसे वेगळ्या खात्यात दर महिन्याला थोडेथोडे साठवायचे. सलग दोन वर्षं अहवाल आला नाही तर विमानाचं काय करायचं, तेही त्याच करारात लिहा. उद्या तुम्हाला खरोखर ती जागा लागली, तर त्या दोन वर्षांत आम्ही विमान हलवू आणि काँक्रीट झाडून देऊ. तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही.

आमच्या तळाच्या व्यवस्थापकांना या अटींचा मसुदा मी गेल्या महिन्यात दिला आहे. त्यांनी तो परत केला नाही, वाचतो म्हणाले. इतर तळांवरचे आमच्यासारखे गट तोच मसुदा आपापल्या मालकांकडे नेणार आहेत, म्हणून हे पत्र खुलं लिहिलं.

येत्या शनिवारी आम्ही उजव्या इंजिनावरची झाकणं उघडतो आहोत. सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत असू. ज्यांच्या जागेवर असं एखादं विमान उभं आहे त्यांनी अवश्य या. पंखाखाली वाकून यावं लागेल, डोकं सांभाळा.

आपला,
कॅनबेरा गटातला एक स्वयंसेवक